व्हायरसची भीती आणि अम्मीच्या ओव्या

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना. मी नवीन जालन्याचा. मराठी घेऊन बी.ए. केलं, कविता लिहिल्या, आणि यंत्रांशी माझा संबंध बरीच वर्षं सायकल आणि रेडिओ यांच्यापलीकडे गेला नाही. असा माणूस संगणकाच्या व्हायरसवर काय बोलणार, असं आपल्याला वाटेल. पण व्हायरसनं ज्यांना छळलं त्यांत तंत्रज्ञ थोडे आणि माझ्यासारखी माणसंच जास्त आहेत. शिवाय माझ्या घरात जे नुकसान झालं त्याचा शेवटचा घाव मी स्वतःच्या हातानं घातला. तो कसा, हे सांगायचं तर आधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

२००२ च्या दिवाळीच्या सवलतीत मी घरी कॉम्प्युटर आणला. सुटे भाग जोडून केलेला, ज्याला सगळे ‘असेंबल्ड’ म्हणायचे. विंडोजची सीडी दुकानदारानं ‘फुकट’ टाकून दिली. ती नकललेली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्या काळी आमच्या भागात बहुतेकांकडे तशीच असे. कॉम्प्युटरवर कापडी झाकण, खोलीबाहेर चपला, लोडशेडिंगसाठी यूपीएस, असा सगळा थाट. धूळ गेली की व्हायरस होतो, असं सांगणारी शिकलेली माणसंही मला भेटली. एके दिवशी यंत्र अडखळायला लागलं तेव्हा घरी आलेल्या खालानं विचारलं, “मशीनकू कायका बुखार रे?” मी हसलो, पण उत्तर मला येत नव्हतं.

उत्तर असं आहे. व्हायरस हा जंतू नाही, धूळ नाही. तो एक प्रोग्रॅम आहे, म्हणजे माणसानं लिहिलेला मजकूरच. फरक इतकाच की या मजकुरात ‘माझी आणखी एक प्रत काढ आणि दुसरीकडे ठेव’ अशी सूचना असते. १९७१ मध्ये अमेरिकेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो त्या वेळच्या संगणकांच्या जाळ्यात एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाऊन ‘जमलं तर मला पकडा’ अशा अर्थाचा संदेश दाखवायचा. नुकसान काही नाही. त्याला काढायला दुसरा प्रोग्रॅम झाला, ‘रीपर’. गंमत म्हणजे हा औषधाचा प्रोग्रॅमही तसाच न विचारता यंत्रायंत्रांतून फिरायचा. म्हणजे रोग आणि औषध यांची चाल पहिल्या दिवसापासून सारखीच होती.

‘व्हायरस’ हे नाव रुळलं ते १९८३ नंतर. कॅलिफोर्नियातल्या फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानं आपल्या विद्यापीठात असा प्रोग्रॅम करून दाखवला आणि त्याचे शिक्षक लिओनार्ड अ‍ॅडलमन यांनी त्याला व्हायरस म्हणायचं सुचवलं. पुढच्याच वर्षी कोहेननं आणखी एक गोष्ट गणितानं मांडली. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि एकाही निर्दोष प्रोग्रॅमवर चुकून आळ घेणार नाही, असा परिपूर्ण पहारेकरी बनवणं शक्यच नाही. श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. पहारेकऱ्याच्या दोन चुका असतात. एक, चोराला आत सोडणं. दुसरी, घरच्या माणसाला चोर समजणं. आपण सगळे पहिल्या चुकीला भितो. माझं घर दुसऱ्या चुकीनं लुटलं गेलं.

पण त्याआधी दोन भावांच्या दोन जोड्या सांगतो. पहिली जोडी लाहोरची. बासित आणि अमजद फारुक अल्वी यांचं तिथं ‘ब्रेन’ नावाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांनी तयार केलेल्या एका वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या लोक चोरून नकला करत. त्या नकलांचा माग लागावा म्हणून १९८६ मध्ये त्यांनी फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात बसणारा प्रोग्रॅम लिहिला. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून आज त्याचीच नोंद होते. त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले होते. चोर पकडायला निघालेला हा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात अमेरिकेपर्यंत पोचला आणि ज्यांनी कधी त्या दुकानाचं नावही ऐकलं नव्हतं अशांचे फोन लाहोरला खणखणू लागले.

दुसरी जोडी आपल्या पुण्याची. मूळ सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढं स्वतःचं दुकान काढलं, कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणारी यंत्रं नादुरुस्त नसायचीच, त्यांत व्हायरस असायचे. तेव्हा थोरल्यानं धाकट्याला यावरच काम करायला सांगितलं. संजयनं लिहिलेल्या सफाईच्या प्रोग्रॅममधून १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं. २००७ मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. यात कुणी दोन देशांची गोष्ट शोधू नये. दोन्हीकडे छोटं दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, आणि नकललेल्या फ्लॉपी होत्या. एकीकडे त्रासातून व्हायरस निघाला, दुसरीकडे त्रासातून औषध.

हे औषध काम कसं करतं? पोलीस ठाण्याच्या फळ्यावर चोरांचे फोटो लावलेले असतात, तसं. ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी अँटिव्हायरसजवळ असते आणि येणारी प्रत्येक फाईल तो त्या यादीशी ताडून बघतो. यादी कालची असेल तर आजचा चोर सुटतो. म्हणून ती सारखी ताजी करावी लागते. आमच्या जालन्याला बियाण्याचं गाव म्हणतात. इथला शेतकरी पिशवीवरची मुदत बघितल्याशिवाय बियाणं उचलत नाही. पण हाच शेतकरी, आणि मीही, कुणाचीही फ्लॉपी न बघता यंत्रात खुपसत होतो. कारण ती ओळखीच्या माणसानं दिलेली असायची.

या ओळखीच्याच जोरावर व्हायरस पसरले. ४ मे २००० रोजी जगभर लोकांच्या ईमेलमध्ये एक पत्र आलं. विषयाच्या जागी लिहिलेलं, ‘आय लव्ह यू’. पाठवणारा ओळखीचा. कोण उघडणार नाही? आणि उघडलं की आपल्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर तेच प्रेमपत्र रवाना. मनिलातल्या ओनेल दे गुझमान या विद्यार्थ्यानं ते लिहिलं होतं. फिलिपाइन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याचा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात ‘कॉम्प्युटर व्हायरस’ची व्याख्या आहे.

आता ऑगस्ट २००३. ‘ब्लास्टर’ नावाचा किडा आला. त्याला फ्लॉपीही लागत नव्हती आणि पत्रही. यंत्र इंटरनेटला जोडलं की बस. पडद्यावर एक चौकट यायची आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. साठ संपले की यंत्र आपोआप बंद. विंडोजमधलं ज्या भगदाडातून तो शिरायचा ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं जुलैमध्येच दिली होती. पण माझी विंडोज पडली नकललेली, आणि इंटरनेट टेलिफोनच्या वायरीवरून कूंकूं करत येणारं. दुरुस्ती उतरवायची तर इंटरनेटला जोडावं लागे, जोडलं की मोजणी सुरू, आणि साठ सेकंदांत त्या वायरीवरून काय येणार? विहिरीत पाणी आहे पण पोहरा अर्ध्यातच सुटतो, अशी गत. दोन रात्री मी हेच करत बसलो होतो. फोनचं बिल मात्र व्हायरसनं कधी थांबवलं नाही.

शेवटी दुरुस्तीवाल्या पोरानं सीडीवरून इलाज केला आणि मी एक अँटिव्हायरस विकत घेतलं. कोणतं ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात दोष त्याचा नव्हता. त्यानंतर आले पेनड्राइव्हचे दिवस. पेनड्राइव्ह खुपसला की विंडोज त्यातला प्रोग्रॅम स्वतःहून सुरू करायची. त्या सोयीचा फायदा घेऊन ‘न्यू फोल्डर’ नावाची फाईल घरोघर फिरली. दिसायला पिवळा फोल्डर, उघडायला गेलं की व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानातून, सायबर कॅफेतून, शाळेच्या संगणक खोलीतून ती यायची. ही आपोआप सुरू होण्याची सवय मायक्रोसॉफ्टनं मोडली ती २००९ च्या विंडोज ७ पासून, आणि जुन्या यंत्रांवर २०११ मध्ये. तोवर आमचं यंत्र वर्षातून दोनदा आजारी पडायचं.

आता माझ्या मूळ गोष्टीकडे येतो. अम्मीचं बालपण अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की अम्मी मराठी ओव्या गायची. शेजारणींबरोबर दळता दळता त्या तिच्या तोंडी बसल्या होत्या. माहेराच्या, भावाच्या, पावसाच्या. त्यात पीरही यायचे आणि पंढरपूरही. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मी मात्र कागदाच्या चिठोऱ्यांवर त्या उतरवून घेऊ लागलो. २००४ मध्ये अम्मी गेली तेव्हा माझ्याजवळ एकशे चाळीसच्या आसपास ओव्या होत्या. चाळिसावा झाल्यानंतर मी त्या कॉम्प्युटरवर टाइप करायला बसलो. एका महिन्यात काम संपलं. आणि आता सगळं ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून ते चिठोरे रद्दीत घातले. ही माझी पहिली चूक.

२००६ च्या पावसाळ्यात यंत्र असं काही बिघडलं की एकही फाईल उघडेना. दुरुस्तीवाला पोरगा आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “सर, फॉरमॅट मारावं लागेल.” हे वाक्य त्या काळी किती घरांत उच्चारलं गेलं असेल याची मोजदाद नाही. मी म्हटलं, मार. आतलं काही आधी काढून ठेवायचं असतं, हे त्यानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. संध्याकाळी यंत्र नव्यासारखं चकाचक झालं. ओव्यांची फाईल कुठंच नव्हती.

पण एक आशा होती. जुन्या जालन्यातल्या एका मित्राला मी त्या फाईलची प्रत फ्लॉपीवर दिली होती. त्यानं शोधून ती आणून दिली. मी घाईघाईनं ती उघडली. पडद्यावर ओव्या नव्हत्या. इंग्रजी अक्षरं, कंस, अधिकची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं, ओळीच्या ओळी. माझ्या अंगावर काटा आला. हा व्हायरस! नुकतंच साफ केलेलं यंत्र, आणि त्यात मी पुन्हा ही घाण घातली! दुसऱ्या कुणाला न विचारता मी ती फ्लॉपी तिथल्या तिथं फॉरमॅट केली. वर स्वतःची पाठही थोपटली.

काही महिन्यांनी एका लग्नपत्रिका छापणाऱ्या मित्राच्या छापखान्यात बसलो होतो. त्याच्या पडद्यावर तसलीच अक्षरं दिसली. मी ओरडलो, “अरे, व्हायरस!” तो शांतपणे म्हणाला, “भाई, व्हायरस नाही, फाँट नाहीये.” त्यानं यादीतून एक नाव निवडलं आणि त्या इंग्रजी कचऱ्याच्या जागी वधूवरांची नावं उमटली.

मग त्यानं समजावून सांगितलं. त्या काळी मराठी टाइप करायची सॉफ्टवेअरं मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवत. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फाँट यंत्रावर असेल तर मराठी दिसणार, नसेल तर त्या क्रमांकाचं इंग्रजी अक्षर दिसणार. मजकूर जसाच्या तसा असतो, त्याचे कपडे फक्त हरवलेले असतात. प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि माझ्या विंडोजमध्ये तिची सोयही होती. पण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या यंत्राचं फॉरमॅट झालं तेव्हा फाँट गेला होता, इतकंच. फ्लॉपीवरच्या ओव्या सुखरूप होत्या. मी त्या पुसेपर्यंत.

हे माझ्या एकट्याचं झालं नाही. १९९२ साली ‘मायकेलअँजेलो’ व्हायरस ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, जगभरातल्या यंत्रांतली माहिती पुसणार अशी हाकाटी झाली. पन्नास लाखांपर्यंतचे आकडे छापून आले. प्रत्यक्षात फटका बसला तो काही हजार यंत्रांना. २००२ मध्ये एक ईमेल फिरलं. तुमच्या यंत्रात अस्वलाचं चित्र असलेली फाईल असेल तर तो व्हायरस आहे, लगेच पुसा आणि मित्रांनाही कळवा. ती विंडोजचीच निर्दोष फाईल होती. लोकांनी स्वतःच पुसली आणि मित्रांनाही पुसायला लावली. व्हायरसचा एक अक्षरही प्रोग्रॅम न लिहिता व्हायरसचं काम झालं. फक्त भीती पसरवावी लागली.

महाराष्ट्राला हा धडा खरं तर फार जुना आहे. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, सामान बाहेर फेकलं, जाळलं. रोग घालवायला आलेल्यांचीच लोकांना रोगापेक्षा जास्त भीती वाटू लागली आणि माणसं आजारी माणसाला लपवू लागली. इलाज दोन्हीकडे होता. एकात समजावणं होतं, दुसऱ्यात नुसता संशय.

याचा अर्थ व्हायरस हा बागुलबुवा आहे, असा मात्र कुणी घेऊ नये. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’नं ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडवली. त्याही वेळी भगदाड बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती, लावायची राहिली होती. त्याच जूनमध्ये ‘नॉटपेट्या’मुळे आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेतूनच पसरला होता. म्हणजे चोर पहारेकऱ्याचाच गणवेश घालून आला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून ९४ कोटी रुपये काढले गेले. आज विंडोजमध्ये राखणदार आतच बसलेला असतो, तरी चोर खिशातल्या मोबाइलवर आले आहेत. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका म्हणून एक फाईल येते. उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात आणि बँकेचं खातं रिकामं. २००० सालचं प्रेमपत्र आता लग्नपत्रिका होऊन आलं आहे. दार तेच आहे, ओळखीचं.

मग करायचं काय? मी तंत्रज्ञ नाही, पण सोसलेला माणूस आहे. यंत्राची दुरुस्ती आली की लावून घ्यावी. ओळखीच्याकडून आलेली फाईल उघडण्याआधी त्याला एक फोन करावा. जे आपल्याला प्रिय आहे त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्यातली एक कागदावर. आणि पुसण्याआधी कुणाला तरी विचारावं. पडद्यावर जे वाचता येत नाही ते सगळंच विषारी नसतं. कित्येकदा आपल्याजवळ ती अक्षरं वाचायची सोय नसते, एवढंच.

ओव्यांचं काय झालं, असं आपण विचाराल. माझी मोठी आपा अंबडला असते. तिच्यापुढं वही घेऊन बसलो. एक एक आठवत गेली. कधी सून जवळून जाताना अर्धी ओळ सांगायची, कधी शेजारची म्हातारी पुरी करायची. तीन वर्षांत अठ्ठावन्न ओव्या परत मिळाल्या. बाकीच्या गेल्या. आपाचं डोकं कधी फॉरमॅट झालं नव्हतं, म्हणून एवढ्या तरी हाती आल्या. आता त्या युनिकोडमध्ये आहेत, पेनड्राइव्हवर आहेत आणि वहीतही आहेत. आपाच्या नातीला त्यातल्या दहा-बारा पाठ आहेत. जातं घरात नाही. ती त्या मोबाइल चार्जिंगला लावून भांडी घासताना म्हणते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)